हाऊसफुल्लची पाटी

"हाऊसफुल्ल," दारातून डोकं आत घालून व्यवस्थापक म्हणाला आणि लगेच निघूनही गेला. आरशासमोर बसलेल्या म्हाताऱ्या नटाचा हात भुवईवरच थांबला.

जन्मभर राजाच्याच भूमिका केल्या म्हणून कंपनीत सगळे त्यांना राजे म्हणत. घरात राजांचं कुणी ऐकत नसे, ते सोडा. पण नाटकवाल्यांची भाषा त्यांना पाठ होती. व्यवस्थापक 'बरं आहे' म्हणाला, की पुढच्या दोन रांगा भरल्या समजायचं. 'छान आहे' म्हणजे फार तर निम्म्या खुर्च्या. 'हाऊसफुल्ल' मात्र कुणी उगाच तोंडातून काढत नाही. तो शब्द शेवटचा खराखुरा कधी ऐकला, तेच राजांना आठवेना.

खोटा ऐकलेला मात्र पक्का आठवत होता. गेल्या वर्षी एका प्रयोगाची झाडून सगळी तिकिटं त्यांच्या मुलानंच विकत घेतली आणि आपल्या कारखान्यातली माणसं आणून बसवली. ती बिचारी राजाच्या मरणालाही टाळ्या वाजवत होती. त्या रात्री राजांनी मुलाला बजावलं, पुन्हा असली भीक घातलीस तर रंग पुसून निघून जाईन. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं.

आज राजांचा शेवटचा प्रयोग. इतकी वर्षं इकडे कुत्रं फिरकलं नाही आणि आज पाय ठेवायला जागा नाही? कुठंतरी पाणी मुरत होतं. त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. एकही खुर्ची रिकामी नव्हती. त्यानं तर संशय आणखीच बळावला. खुर्च्यांचं काय, माणसं आणून बसवली की भरतात. राजांना मनातून फार लागलं. निदान शेवटचं तरी त्यांना खऱ्या प्रेक्षकांसमोर मरायचं होतं.

दुसरी घंटा झाली. त्यांनी तिकीट खिडकीवरच्या माणसाला बोलावून घेतलं. तो आधी हवापाण्याच्या गोष्टी करू लागला. राजांनी कापसाचा बोळा तेलात बुडवला.

"माझा मुलगा आला होता का? खरं सांगा."

तो घुटमळला. सांगू नका असं आपल्याला बजावलंय, म्हणाला. मग मान खाली घालून हो म्हणाला.

राजांनी एक भुवई पुसून टाकली. "किती तिकिटं घेतली त्यानं?"

"एकही नाही, राजे. सकाळपासून रांगेत होते, पण खिडकीशी पोचेपर्यंत संपली. घरी जा म्हटलं तरी ऐकेनात. मागच्या दाराबाहेर पायरीवर बसलेत. म्हणतात, बाबांचा आवाज इथपर्यंत येतो."