चित्र उमटेपर्यंत

उसाचा शेवटचा पट्टा तेवढा उभा होता आणि डुक्कर त्यातच होतं. मघाशीच त्यानं वाडीतल्या सम्राटच्या कुत्र्याचं पोट फाडलं होतं. आता अख्खी वाडी कोयते, भाले, काठ्या घेऊन पट्ट्याभोवती उभी होती आणि पत्र्याचे डबे बडवत होती. राधानगरीच्या या अंगाला ऊसतोडीचा फड संपताना हे व्हायचंच. पहिला घाव ज्याचा, मुंडकं त्याचं, अशी रीत. त्या मुंडक्यापायी घरातली माणसंही एकमेकांना ओळख देत नसत.

बांधावर संयोगिता आपलं रडार मांडून बसली होती. कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपून तिनं ते उभं केलेलं. लेझरच्या उजेडातून घडवलेल्या सूक्ष्मलहरी पाल्यातून आरपार जायच्या आणि आतल्या वस्तूचं बारीक चित्र पडद्यावर आणायच्या. ती आली होती उसातला बिबट्या दिसतो का ते तपासायला. पण वाडीला डुक्कर हवं होतं आणि तिला, खरं सांगायचं तर, वाहवा.

पडद्यावर एक डाग दिसू लागला. लांबोडका, जमिनीलगत सरपटणारा.

"मॅडम, हाय का न्हाय तेवढं सांगा की," भाला सरसावून सम्राट म्हणाला.

एकेक प्रतिध्वनी जमत जातो तसं चित्र उजळतं. ते पुरतं उमटेपर्यंत कशाचंही नाव घ्यायचं नाही, हे ती स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवायची. पण सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आहे. तुमच्या समोरच. पुढं येतंय."

सम्राट पाला सारून आत घुसला. डबे आणखी जोरात वाजू लागले. इकडे पडद्यावरच्या डागाला कोपर फुटलं, मग खांदा, मग मुठीतला कोयता. संयोगिता ताडकन उठली. "थांबा, माणूस आहे तो!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली, पण त्या गदारोळात कुणालाच ऐकू गेलं नाही. आतल्या माणसानं कोयता टाकला आणि उघडा पंजा पुढं धरला. मग भाला आला. उपसून पुन्हा आला. मागून घुसलेल्यांनी कोयते चालवले.

तो म्हातारा गुंडू होता, सम्राटचा बाप. यंदाही मुंडकं पोरांच्या आधी आपणच न्यायचं म्हणून ओढ्याच्या अंगानं गुपचूप आत शिरला होता. बाहेर ओढून काढला तेव्हा तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. डुक्कर केव्हाच पसार झालं होतं.

कोपरापर्यंत रक्तानं माखलेला सम्राट येऊन यंत्रासमोर बसला. भाला बसण्याआधीचं चित्र संयोगितानं पडद्यावर तसंच थांबवलं होतं. पंजाची बोटंसुद्धा वेगवेगळी दिसत होती. त्यानं त्या पंजावर बोट टेकवलं.

"ह्यो हात तुमास्नी कवा दिसला?"

 संयोगिताला खोटं बोलता आलं असतं, पण ती खरं तेच बोलली.

"भाला बसायच्या आधी."

"मलाबी," सम्राट म्हणाला.