लाडक्याची सही

आजाचे दिवस झाले आणि जातपडताळणीला लागणारे जुने कागद शोधायला मी आढ्याला टांगलेली युरियाची पिशवी खाली काढली. रेशनकार्ड, वनहक्काचा दावा, बँकेचं पासबुक. सगळीकडे आजाचा निळा अंगठा. तळाशी एका पिवळ्या कागदावर मात्र वळणदार सही होती, लाडक्या. आजाचीच? मी शिक्षिका. तीन उन्हाळे जव्हारहून सुट्टीत गावी येऊन मी याच माणसाला पाटीवर त्याचं नाव गिरवायला लावलं होतं, येत नाही म्हणून रागावलेही होते. “आत्या, आजाला लिहिता येत होतं?” कोंडीआत्या तांदूळ निवडत होती. “चौथी पास होता बा,” ती मान वर न करता म्हणाली. मी कागद वाचला. चिमी, वय दोन वर्षे, मृत्यूचे कारण ताप. खाली बाप म्हणून आजाची सही. “ताप कुठला,” आत्या म्हणाली. “माझ्या पाठची ती. पेजेला मूठभर नागली नव्हती घरात. साहेब कागद लिवूनच घेऊन आला. बानं दोनदा वाचला, मंग सही केली. त्यानंतर पेन हातात धरला नाय.” मी कागदाची घडी करून तो परत पिशवीत ठेवला. माझी पाटी अजून कुडाला खोचलेली होती. तिसऱ्या उन्हाळ्यात मी आजाला नवी वही आणली होती. ती त्यानं बाजूला सारली आणि पाटीवरून हात फिरवत म्हणाला होता, “हीच बरी गं. हिच्यावरचं पुसता येतं.”