साहेबाची मासोळी

सुधाकररावांनी नाकाला रुमाल बांधला आणि लाकडी मासोळी चिमट्यानं उचलली. वीतभर लांब, लाल डोळ्यांची, पोटाखाली तीन गळ. निजामाच्या राज्यात पैनगंगेवर येणारे साहेब लोक असल्या खोट्या मासोळ्या पाण्यात फेकून खरे मासे धरत. तालुक्याच्या कचेरीतून रिटायर झाल्यापासून सुधाकररावांना त्या जमवायचा नाद लागला होता. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, लाल मखमलीवर, पितळेच्या, शिंगाच्या, लाकडाच्या मासोळ्या टांगलेल्या होत्या. माणूस मात्र असा सोवळा, की खरा मासा नुसता दिसला तरी उमासे काढायचा. भोयांच्या वस्तीतून आला की अंगणातच अंघोळ करायचा.

ही मासोळी सगळ्यांत घाण निघाली. गळांच्या आकड्यांत कसलासा काळा गुंता अडकून वाळला होता, गंजानं आणि चिखलानं घट्ट झालेला. सुधाकररावांनी चिंचेच्या पाण्यात ती भिजत घातली. गुंता ओला झाला तसा घाणेरडा वास सुटला. तोंड फिरवून त्यांनी तो ओढून काढला, मोरीत टाकला आणि वर फिनेल ओतलं.

"काऊन आणता हा उकिरडा घरात?" कौशल्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"उकिरडा नाही, नमुना हाये. अख्ख्या जिल्ह्यात असा दुसरा नाही."

या नमुन्यासाठी त्यांनी पंचफुला भोईणीला दोन वर्षं गळ घातली होती. मासोळी तिच्या झोपडीत मधल्या खांबाला टांगलेली असायची. नाकाला रुमाल लावून ते दारातूनच मागायचे आणि पंचफुला नुसती नकाराची मान हलवायची. शेवटी तिचा दीर चंपत, ती बाजाराला गेल्याचं पाहून, मासोळी पेपरात गुंडाळून घेऊन आला. बदल्यात सुधाकररावांचा जुना रेडिओ घेऊन गेला. सुधाकररावांनी काही विचारलं नाही. असल्या वेळी न विचारणंच त्यांना सोयीचं वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला अंगणात उभी होती. तिनं रेडिओ पायरीवर ठेवला.

"मालक, ते मासोळी माही हाये. चंपतनं मले न इचारता आणली. हा तुमचा रेडू घ्या."

तिच्या लुगड्याचा मासळीचा वास पायरीपर्यंत आला. सुधाकररावांनी रुमाल काढला, नाकाला लावला आणि आतून मासोळी आणून लांबूनच तिच्या हातात टाकली. एकदा तिनं चकाकी पाहिली की तिलाही कळेल, असं त्यांना खरोखरच वाटलं.

"पाह्य, कशी झाली. तुह्या घरी सडून राह्यली होती."

पंचफुलानं मासोळी उलटी केली. एकेका गळावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"याच्यात केस होते," ती म्हणाली.

"कशाचे केस?"

"माह्या घरधन्याचे. डोहात बुडाले तवा खालपर्यंत जाळं पोचेना. मंग सासऱ्यानं साहेबाची हे मासोळी टाकली. केसात गळ रुतला, तवा कुठं वर आले." ती मासोळीकडेच पाहत होती. "ज्या गळानं माणूस काढला, त्यानं आमी मासा धरत नाही. त्याले धूत बी नाही. घरात टांगतो. माणूस घरात राह्यते."

सुधाकररावांची नजर मोरीकडे गेली. काल चिमटा सुटल्यावर तो गुंता त्यांनी दोन बोटांनीच ओढला होता. ती बोटं आता रुमालावर होती, नाकाशी. त्यांना जोराचा उमासा आला. मासळीचा वास त्यांना तेव्हा येतच नव्हता.

"घेऊन जा," ते कसंबसं बोलले. "रेडिओ बी ने."

घरातून फिनेलचा भपकारा आला. पंचफुलानं पदर नाकाला लावला. मासोळी तिनं पायरीवर, रेडिओशेजारी ठेवली.

"राहू द्या तुमालेच," ती म्हणाली. "आता हे निस्ती मासोळी हाये."