रातांब्याचा फेस

फौजदारांनी लखोटा काढला तेव्हा गुणाजी परबचा हात बाटलीवरच होता. लालबागच्या चाळीतली ती एवढीशी खोली, आणि तिची एक अख्खी भिंत भोकं पाडलेल्या फळ्यांनी अडवलेली. फळ्यांत एकोणचाळीस जाड काचेच्या बाटल्या माना खाली करून खोचलेल्या. चाळिसावी सरकारी प्रयोगशाळेत गेली होती. तिचा निकाल लखोट्यात होता.

"हात काढ," फौजदार म्हणाले.

"दोनच फिरवायच्या राहिल्यात, साहेब."

गुणाजीनं त्या दोघींना एकेक बारीक वळसा दिला आणि मगच तो मागे फिरला. चुलीपाशी गंगुबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. दारूबंदीचे दिवस होते; नमुन्यात दारू निघाली असेल तर नवरा तुरुंगात जाणार होता, आणि गिरणीतून नावही कटणार होतं.

पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी निनावी पत्र धाडलं होतं की गुणाजीच्या खोलीत भट्टी चालते. फौजदार आले, त्यांनी फळ्यांना सील ठोकलं आणि बुधाजी हवालदाराला दारात बसवलं. तेव्हा गुणाजीनं एकच विनंती केली होती. बाटल्या जागच्या हलवणार नाही, पण रोज फिरवू द्या. फिरल्या नाहीत तर गाळ मानेत उतरायचा नाही.

हे काम तो जर्मनीत शिकला होता. दुसऱ्या महायुद्धात फौजेत असताना कैद झाल्यावर त्याला नदीकाठच्या एका घराण्याच्या द्राक्षमळ्यात राबायला धाडलं. वेलींना शेणखताखेरीज काही नाही, आणि तळघरात फेसाळणाऱ्या वाइनची बाटलीन् बाटली हातानं फिरवलेली. मळ्याचा म्हातारा मालक आणि गुणाजी, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. वळसा जास्त झाला की म्हातारा त्याच्या मनगटावर टिचकी मारायचा. दीड वर्ष तेवढंच बोलणं झालं.

लालबागला परतल्यावर कितीतरी वर्षांनी, गिरणीच्या पाळ्या सांभाळून गुणाजीनं द्राक्षांच्या जागी गावच्या परसातले रातांबे घेतले. पाववाल्याकडचं खमीर घातलं. साखर बुडबुडे येण्यापुरती, कैफ चढण्याइतकी नाही. पहिल्या सालचा रस आंबला. दुसऱ्या सालचा गढूळच राहिला. हे तिसरं साल.

फौजदारांनी कागद दोनदा वाचला.

"गुन्हा ठरेल एवढी दारू ह्यात नाही," ते म्हणाले. "बुधाजी, सील तोड."

गंगुबाईनं पदर डोळ्यांना लावला. गॅलरीत जमलेल्या शेजाऱ्यांनी एकच गिल्ला केला. खाली रस्त्यावर सकाळपासून ढोल-लेझीम चाललं होतं, त्यात तो मिसळून गेला. मे महिन्याची पहिली तारीख होती आणि मुंबई महाराष्ट्राची झाली होती.

गुणाजीची नजर मात्र बाटल्यांवरच होती. कायद्याचं मिटलं, पण आत रस निवळला की नाही ते अजून त्यालाही ठाऊक नव्हतं.

"अहो," गंगुबाई डोळे पुसत म्हणाली, "साहेबांका एक उघडून दाखवा."

त्यानं बादली ओढली. पहिल्या रांगेतली बाटली तशीच उलटी उचलली, बुचावरची तार सोडली. बूच अंगठ्याखाली धरून तो बाटली हळूहळू वर आणू लागला. लवकर सुटलं तर अर्धा रस वाया जाणार होता, उशीर झाला तर गाळ पुन्हा आत पसरणार होता. मनगटावर टिचकी मारायला आता कुणी नव्हतं.

बूच सुटलं. काळपट गाळाची एक पिचकारी बादलीत गेली आणि गुणाजीनं अंगठा बाटलीच्या तोंडावर दाबला.

मग त्यानं बाटली खिडकीसमोर धरली. रस माणकासारखा लाल होता, आणि त्यातून पलीकडच्या गिरणीची चिमणी स्वच्छ दिसत होती. तळापासून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर चढत होत्या.

"निवळला!" गुणाजी ओरडला. एवढ्या मोठ्यानं त्याला बोलताना शेजाऱ्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "गंगे, निवळला गे!"

गंगुबाईनं भरून दिलेला पेला फौजदारांनी नाकाशी नेला, एक घोट घेतला, आणि त्यांना सटकन शिंक आली.

"कोकमच आहे की हे," ते नाक पुसत म्हणाले.

"रातांबेच, साहेब. आमच्या परसातले."

"पण नाचतंय!" त्यांनी पेला रिकामा केला.

बुधाजी हवालदार इतका वेळ अवघडून उभा होता. त्यानं सलाम ठोकला. "साहेब, हा पहिल्या पाळीला जायचा तेव्हा मधल्या दोन रांगा मी फिरवायचो. ड्युटीवर. आता काय ती शिक्षा द्या."

फौजदारांनी रिकामा पेला त्याच्या हातात दिला. "त्या रांगांतली आण. तुझं काम कसं झालंय ते बघू. आणि गुणाजी, हे इथं कोंडून कशाला? बाहेर उघड, लोकांना बघू दे."

गुणाजीनं बाटल्या गॅलरीत नेल्या आणि कठड्याला पाठ लावून बसलेल्या पोरासोरांना बाजूला केलं. ह्या वेळी त्यानं बाटलीचं तोंड रस्त्याकडे धरलं.

पहिलं बूच फाडकन उडालं आणि खाली लेझीम थांबलं. माणसं झटकन भिंतींना चिकटली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पोलिसांच्या गोळ्या चुकवून चार वर्षांत अंगाला तशी सवयच लागली होती. दुसऱ्या आवाजाला त्यांनी हळूच माना वर केल्या. तिसऱ्याला कुणीतरी खो खो हसलं. आठवी बाटली उघडेपर्यंत चाळीचा जिना पेले, तांबे आणि कपबश्या घेतलेल्या माणसांनी भरून गेला होता.