दिलीपचे तीन मुद्दे

'ऊर्जा' या मथळ्याखाली दिलीपने एका घराचा महिन्याचा वीजवापर किलोवॅटमध्ये दिला होता. किलोवॅट-तास हवं होतं. मृणालिनीबाईंनी चष्मा सारखा केला आणि लॅपटॉपवर उघडलेल्या त्याच्या प्रचाराच्या पानावरची ती ओळ पुन्हा वाचली. आठवीत असतानाही तो हीच चूक करायचा.

"अजून तेच," त्या म्हणाल्या.

हिमानी ओट्याशी कांदा चिरत होती. "कोण, दिल्या? बाई, त्याचे पेपर तपासायचं सोडा आता. न्यू जर्सीच्या सिनेटला उभा आहे तो."

"सिनेटला उभं राहिलं म्हणून एकक बदलत नाही."

हिमानी हसली. ती आणि दिलीप पुण्यातल्या एकाच शाळेत, एकाच वर्गात होते. दोघांना विज्ञान मृणालिनीबाईंनी शिकवलं होतं. वर्गात दोघंही त्यांना बाई म्हणत. हिमानी अजून म्हणे. आता ती नवऱ्याबरोबर नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात राहत होती आणि आइंडहोवनच्या बाजूला एका चिपयंत्रांच्या कंपनीत काम करत होती. एप्रिलमधल्या कोविडच्या लाटेनंतर बाईंना पुण्यात एकटीने राहवेना, म्हणून विमानं सुरू झाल्याबरोबर तिनेच त्यांना बोलावून घेतलं होतं.

गॅसचे भाव चढल्यापासून घर जेमतेम उबदार असे. बाईंनी शाल अंगाभोवती घट्ट ओढली आणि पान वर सरकवलं.

पहिला मुद्दा आरोग्याचा होता. 'एप्रिल २०२१ मध्ये माझी आई पुण्यात ऑक्सिजनअभावी गेली. अखेरच्या श्वासापर्यंत मी फोनवर तिच्यासोबत होतो. ही वेळ कुठल्याच मुलावर येऊ नये.' शेजारी जुना, कृष्णधवल, हार घातलेला फोटो.

"हार प्लास्टिकचा आहे," बाई म्हणाल्या.

"फोनवर होता म्हणे!" हिमानीने सुरी आपटली. "किती फोन केले त्याला, बाई. रिंग वाजायची आणि बंद व्हायची. इथला डॉक्टर निदान फोन उचलून पॅरासिटामॉल घ्या तरी म्हणतो."

"उचलला की शेवटी. शोभा सिस्टरने हॉस्पिटलच्या नंबरवरून केला तेव्हा."

"ती बातमी द्यायला. आणि काय म्हणाला?"

"सर्टिफिकेट मेलवर मिळेल का, म्हणाला. मग मीटिंग होती त्याची."

त्या वॉर्डात बाई होत्या. नाकाला नळी होती, पण कान शाबूत होते. शोभा सिस्टर कित्येक दिवस घरी गेली नव्हती. नावं, खाटा, नंबर यांचा असा गुंता झालेला की एका घरची बातमी दुसऱ्या घरी जायची आणि ती दुरुस्त करायला कोणाला उसंत नसायची. दिलीपचा फोन ठेवल्यावर शोभा बाईंच्या खाटेशी येऊन रडली होती. बाईंनीच तिच्या पाठीवरून हात फिरवला होता.

तेव्हापासून ही गोष्ट त्यांच्यापाशी होती. चारचौघांत सांगितली की दिलीपचा पहिला मुद्दा जमीनदोस्त होणार होता, आणि मागोमाग दिलीपही. मे गेला, पावसाळा गेला, ऑक्टोबर आला. बाई बोलल्या नव्हत्या.

"तुम्ही त्याला पाठीशी घालताय," हिमानी म्हणाली. "लाडका ना तुमचा."

"पाठीशी घालत नाही. चढू देतेय."

"म्हणजे?"

"जितकी उंची जास्त, तितकी स्थितिज ऊर्जा. आठवीचा धडा आहे, हिमानी."

हिमानी कांदा चिरायची थांबली. बाईंचा चेहरा फळ्यासमोर असायचा तसाच होता.

तिकडच्या मराठी मंडळींनी उमेदवाराशी ऑनलाइन गप्पा ठेवल्या होत्या. तिकडे रविवारची दुपार, इकडे संध्याकाळ. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या लिंकवरून बाई हिमानीच्या नावाने आत शिरल्या. कॅमेरा बंद ठेवला.

दिलीप जाड झाला होता. निळा कोट, मागे पुस्तकांचं कपाट. छपरावरच्या सौरपट्ट्यांबद्दल तो झरझर बोलला. मग शिक्षणाकडे वळला. "पुण्यातल्या एका साध्या शाळेने मला घडवलं. दॅट स्कूल मेड मी."

"शाळेने!" हिमानी बाईंच्या खांद्यामागून पुटपुटली. "तुमचं नाव घ्यायला जीभ जड होते का याची?"

"गप्प. पुढे बघ."

आरोग्यावर आल्यावर त्याचा आवाज कापरा झाला. त्याने चष्मा काढून डोळे टिपले. "जाताना आई म्हणाली, दिलीप, लोकांसाठी काहीतरी कर. तेच करतोय." पडद्यावर जोडलेल्या हातांची रांग लागली. कोणी एक तर हुंदका देऊन रडली.

"हे छान जमतं त्याला," बाई म्हणाल्या. "लहानपणी पोट दुखायचं तेव्हापासून."

सूत्रसंचालन करणारे राजन घसा खाकरून म्हणाले, "आपला दिलीप आता निवडून आल्यातच जमा आहे. कोणाला काही विचारायचंय?"

बाईंनी हात वर करायचं बटण दाबलं.

"बाई, खरंच?" हिमानीने ओले हात ओढणीला पुसले. "तो आयुष्यातून उठेल हं. नंतर वाईट वाटेल तुम्हाला."

"वाटू दे."

"हिमानी, नेदरलँड्स!" राजन खुशीत म्हणाले. "वा! तिथून मत नाही हं देता येणार, ताई. पण बोला, बोला."

दिलीप पाणी पीत होता. बाईंनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, पदर सारखा केला आणि कॅमेरा चालू केला.

"मला काही विचारायचं नाही, सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मी मृणालिनी. दिलीपची आई. मी मेलेली नाही, आणि माझ्या नावावर याला कोणीही मत देऊ नका."