शनिवारची बादली

कल्पना करा, सकाळचे सहा वाजले आहेत आणि तुम्ही घराच्या तळघरात उभे आहात. समोर तुमच्याहून उंच असा बिडाचा बॉयलर आहे. त्याच्या पोटात पाणी उकळतं, वाफ नळांतून वर चढते आणि खोल्याखोल्यांतले रेडिएटर तापतात. सगळं घर त्याच्याच जिवावर थंडी काढतं. बॉयलरच्या कमरेशी एक तोटी आहे. तिच्याखाली बादली ठेवा. हातमोजे विसरू नका, पाणी कढत असतं. आता तोटी उघडा. पाणी लाल येईल, गंजाचं. घाबरू नका. डेल्फिनाही घाबरत नव्हती, आणि ती फक्त दहा वर्षांची होती.

पहिली बादली लाल. दुसरी लाल. चौथी चहासारखी. डेल्फिना प्रत्येक बादली मोरीत ओतायची आणि ताज्या पाण्याची चावी फिरवून बॉयलर पुन्हा खुणेपर्यंत भरायची. आठव्या बादलीचा तळ दिसला की थांबायची. मग शाळा. आई डिसेंबरात गेली, तेव्हापासून हे रोज चाललं होतं.

आधी हे काम आईचं होतं, आणि तेही फक्त शनिवारी. एक बादली, बस्स. गेल्या वर्षी आईने ते डेल्फिनाला शिकवलं होतं. आता मात्र डेल्फिनाने मनाशी एक नियम बांधला होता. पाणी स्वच्छ निघालं, तर बाबा संध्याकाळी कामावरून परत येतील. आजवर रोज आले होते.

यायचे, शेजारणींनी आणून दिलेलं पालेभाजीचं सूप गरम न करताच प्यायचे आणि अंगातल्या कोटासकट खुर्चीत बसून राहायचे. घरात कोणी रडत नव्हतं. कोणी भांडतही नव्हतं. डेल्फिनाच्या हातावर कढत पाणी उडालं, तरी तिला ते जरा उशिराच कळायचं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी बॉयलर बंद पडला. बाबांनी सुट्टी टाकली आणि बॉयलर दुरुस्त करणाऱ्या मिस्टर टीगना बोलावलं. चाळीस वर्षं हा माणूस फॉल रिव्हर शहरातल्या तळघरांतून वाकून हिंडत होता. त्यांनी बॉयलरचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली, स्क्रूड्रायव्हरने जरासं खरवडलं. गंजाच्या खपल्या खाली पडल्या.

"गिल, अरे हा बॉयलर आहे की जेवणाचं ताट? कोण धुतंय याला रोज?"

आईच्या दफनानंतर बाबा पहिल्यांदाच तळघरात उतरले होते. त्यांनी ओली मोरी पाहिली. मग डेल्फिनाची बोटं पाहिली. नखांच्या कडा तांबूस झाल्या होत्या.

"मी," बाबा म्हणाले.

"तू? दिव्याचा बल्ब गेला तरी 'फिलोमेना, फिलोमेना' करत बायकोला हाका मारायचास!"

"मीच. स्वच्छ पाणी बरं, असं वाटलं."

मिस्टर टीगनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग ते बोलले बाबांशीच, पण सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं.

"मग ऐक. ताज्या पाण्यात हवा असते. ती लोखंड खाते. पाणी उकळून उकळून ती हवा निघून गेली, की मग ते काही करत नाही. लाल दिसेना का! जुनं पाणी आतच राहू द्यायचं असतं. आठवड्याला एक बादली काढायची, गाळापुरती. तू तर मायेनेच मारत होतास याला."

"वाचेल का?" बाबांनी विचारलं.

"हा हिवाळा काढेल. धुणं थांबवलंस तर."

तासाभराने बॉयलर पेटला. मिस्टर टीग पेटी उचलून जिना चढून गेले. खाली दोघंच उरली.

"उद्यापासून तोटीला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही परत येणार नाही."

बाबांना काही कळेना. डेल्फिना पाढे म्हणावेत तशी सांगू लागली. "त्या शनिवारी मी बादली काढलीच नव्हती. आईने हॉस्पिटलमधून फोन केला. काढलीस ना, म्हणाली. मी हो म्हणाले. खोटंच. आणि सोमवारी ती गेली."

बाबांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. वाफ वर निघाली होती. नळ टकटक वाजत होते.

"मी तिच्या उशाशीच होतो," ते म्हणाले. "फोन ठेवला आणि हसली. म्हणाली, 'बाईसाहेबांनी बादलीबिदली काही काढलेली नाही. धापा टाकतेय नुसती, बाहेर बर्फात होती कार्टी. खेळू दे तिला, गिल. उगाच रागावू नकोस.'"

"हसली?" डेल्फिनाने विचारलं.

"खूप. नर्स धावत आली."

डेल्फिना जिना चढून वर गेली. तिने बूट चढवले, मागचं दार उघडलं आणि अंगणातल्या बर्फाचा एक चांगला घट्ट गोळा वळला. मग नेम धरून तो तळघराच्या जमिनीलगतच्या खिडकीवर फेकला, बरोबर बाबा बसले होते तिथे.