पहिलं पेर

डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर उचलली आणि बाजूला उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "मॅलिग्नंट." पुढेही ते इंग्रजीतच काहीतरी बोलत राहिले. कौसल्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

तिच्या डोक्यानं तेवढ्यात तो शब्द सोलायला घेतला होता. मॅल, म्हणजे वाईट. पुढचं पेर जन्माचं, वाणाचं. वाईट वाणाची गाठ. मायच्या छातीतली गाठ वाईट वाणाची होती. कॅन्सर.

रोग्यादेखत वाईट बोलायचं तर इंग्रजीत बोलायचं, असा तिथला शिरस्ता. खेड्यातल्या बाईला काय कळतंय! म्हणून तर तिच्या वडिलांनी, भुजंगरावांनी, स्वतः न येता लेकीला मायसोबत धाडलं होतं. "तू बराबर समजून घेशील," ते म्हणाले होते. लेक जालन्यात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. पिंपळगाव रेणुकाईत कुणाच्याही औषधाच्या बाटलीवरचं, फवारणीच्या डब्यावरचं इंग्रजी तिच्याकडेच यायचं आणि तिलाही त्याची जरा ऐट होती. आज तिला वाटलं, आपण अडाणी राहिलो असतो तर किती बरं झालं असतं.

डॉक्टर मराठीवर आले. "ऑपरेशन करावं लागेल. सोमवारी भरती व्हा."

कौसल्यानं नुसती मान हलवली. काही विचारायचा तिला धीर झाला नाही. विचारलं आणि त्यांनी तोच शब्द मराठीत सांगितला तर? माय शेजारीच बसली होती. तिचे ओठ हलत होते. रेणुकामातेचं नाव घेत असावी.

बाहेर आल्यावर मायनं, झुंबरबाईनं, विचारलं, "काय म्हणला गं डागदर?"

"साधी गाठ हाय, माय. काढून टाकतेत."

आवाज जरासुद्धा हलला नाही. कौसल्याला त्याचं नवल वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. पण दुसरं काय करणार? शेजारच्या सोनूबाईला असंच कुणीतरी खरं सांगून टाकलं होतं. त्या बाईनं घरी येऊन भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. पोरं पाया पडली, पण ती ऑपरेशनला गेली नाही, धड जेवलीही नाही. पुढच्या सुगीला सोनूबाई नव्हती. माय तर तिच्याहून हट्टी. तिला कळलं तर ती सोमवारी घराबाहेर पाऊल टाकणार नाही, आणि मग सगळंच संपलं.

बसस्थानकावर गावाकडे जाणारी भोकरदनची गाडी अजून लागली नव्हती. दोघी बाकड्यावर बसल्या. झुंबरबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. तिचे ओठ अजून हलतच होते. कौसल्यानं भाकरीला हात लावला नाही. ती मायच्या हातांकडे बघत राहिली.

कॉलेजात श्रीपती सर इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं शिकवायचे. म्हणायचे, शब्द म्हणजे रानातलं ज्वारीचं ताट. पेरापेरानं सोला, अर्थ हाती लागतो. पण अख्खं ताट सोलल्याशिवाय अर्थ सांगायला तोंड उघडू नका. सुट्टीत कापूस वेचताना कौसल्या ती मुळं पाठ करायची आणि शेजारच्या ओळीतून माय तिची परीक्षा घ्यायची. मायनं पेर फेकायचं, लेकीनं अर्थ सांगायचा. "पोर्ट?" "वाहून नेणं." "बेने?" "चांगलं." झुंबरबाईला अक्षर ओळखीचं नव्हतं. जात्यावरच्या ओव्या कानानं उचलाव्या, तसे तिनं ते आवाज उचलले होते. तेवढाच मायचा वेळ जातो, असं कौसल्या समजायची.

झुंबरबाईनं भाकरी मोडली. समोर उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघत ती कापसातल्या त्याच सुरात म्हणाली, "मॅल?"

"वाईट," कौसल्या सवयीनं बोलून गेली.

मग तिनं तोंडावर हात दाबला. पण बोलून झालं होतं. माय आता उठेल, घरी जाईल, भिंतीकडे तोंड करील.

"माय, सोमवारी येत न्हाई म्हणू नको." तिला रडू फुटलं. "सोनूबाईवाणी करू नको गं. तुझ्या पाया पडते."

झुंबरबाई उठली नाही. "म्या बी भ्याले बाई," ती म्हणाली. "पर त्याच्या फुडं बी एक बोलल्ता त्यो. दवाखान्यातून इथवर त्येच घोकीत आल्ये, इसरू नये म्हणून. क्युर?"

कौसल्या रडायची थांबली. डॉक्टर हे कधी बोलले? "काळजी घेणं," ती चाचरत म्हणाली. "बरं करणं."

"अन् येबल?"

"होण्याजोगं."

दोन्ही पेरं तिनं मनातल्या मनात जोडली. पुन्हा एकदा जोडून पाहिली. बरं होण्याजोगं. भोकरदनची गाडी फलाटाला लागली. लोक जागा धरायला धावले. झुंबरबाईनं घाई केली नाही. भाकरीचा तुकडा तिनं लेकीच्या हातात कोंबला.

"मंग? अख्खं ताट सोलायचं असतंय म्हणून तूच सांगत व्हतीस ना मला? अन् पयल्याच पेरापाशी भिऊन बसलीस."